शेलवरच्या उथळ जमिनीत झाडं दर जुलैत का सुकतात: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला, चपट्या थरांनी फुटणारा दगड. आधी लक्षणं बघा. यातली तीन-चार तुमच्या अंगणात जुळत असतील तरच पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- मे-जूनमध्ये सगळं हिरवंगार, आणि जुलैत पाऊस आठच दिवस थांबला की टोमॅटो, वांगी, दोडका माना टाकतात
- पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, बहुतेक वेळा शेंड्याकडून सुरुवात
- लॉनवर वाळलेले पट्टे, दर वर्षी त्याच जागी, त्याच आकाराचे
- नर्सरीतून आणलेलं मोठं झाड पहिला उन्हाळा काढतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात वरून वाळत येतं
- मेथी चार पानांवर येऊन पिवळी पडते आणि तिथेच बसून राहते
- लॉनमध्ये शेवाळ आणि लालसर तुऱ्याचं आंबट पानांचं तण (आपल्या चुक्याच्याच कुळातलं आहे ते)
- दर मार्चमध्ये वाफ्यातून नवे दगड वर आलेले, मागच्या वर्षी सगळे वेचून टाकले होते तरी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडून दर उन्हाळ्यात मला हेच ऐकू येतं, आणि बहुतेकांनी तोपर्यंत खताच्या तीन पिशव्या, एखादं महागडं टॉनिक आणि दोनदा नवीन झाड एवढा खर्च करून झालेला असतो. अंगणं बरीच बघून झाली, दुरुस्तही केली, आणि कारण जवळपास दर वेळी एकच निघतं: घर शेलच्या टेकाडावर आहे आणि माती वीतभर-दोन वीत. खत कमी पडत नाही, पाऊसही कमी पडत नाही, पाणी साठवायला जागाच नसते.

थोडं जमिनीबद्दल सांगतो कारण त्याशिवाय पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळणार नाही. कंबरलँड व्हॅली म्हणजे ब्लू माउंटनच्या दक्षिणेची दरी, तिचे दोन भाग आहेत. दक्षिणेकडचा भाग चुनखडीचा, तिथे हॅगर्सटाउन नावाची खोल, लालसर, सुपीक माती आहे. उत्तरेकडचा भाग, जिथे कोनोडोग्विनेट नदी वेडीवाकडी वळणं घेत जाते, तो मार्टिन्सबर्ग शेलचा, ऑर्डोव्हिशियन काळातला, साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेल्या चिखलाचा दगड. डोंगर ओलांडून पेरी काउंटीत गेलात की पुन्हा शेल, काही ठिकाणी करडा, काही ठिकाणी लाल. हा शेल झिजून जी माती होते तिच्या दोन मुख्य जाती इकडे आहेत, वायकर्ट आणि बर्क्स. वायकर्टमध्ये १० ते २० इंचांवर खडक लागतो, बर्क्समध्ये २० ते ४० इंचांवर. दोन्हींत निदान एक तृतीयांश, आणि बऱ्याचदा निम्म्याहून जास्त, चपट्या चिपा असतात. पेनसिल्व्हेनियापासून मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियापर्यंत अशी जमीन पसरलीय, त्यामुळे तिकडच्यांनाही हे लागू पडेल.

आता हिशेब करा. चांगली गाळाची पोयटा माती दर इंचाला साधारण ०.२ इंच पाणी झाडासाठी धरून ठेवते. माती १५ इंच म्हणजे ३ इंच पाणी. पण त्यातले निम्मे दगड, म्हणजे राहिलं दीड इंच. जुलैत वाढलेली बाग दिवसाला ०.२ इंचाच्या आसपास पाणी ओढते. म्हणजे भरलेली जमीन साताठ दिवसांत पूर्ण रिकामी, आणि झाडाला ताण त्याच्या अर्ध्यातच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवायला लागतो. चुनखडीच्या बाजूला राहणाऱ्या तुमच्या मित्राकडे चार फूट माती आहे, त्याची बाग महिनाभर न्यायचं पाणी पोटात धरून बसलेली असते. (कुजलेल्या मऊ शेलच्या चिपाही थोडं पाणी धरतात, पण त्यावर विसंबू नका.) या भागात वर्षाला ४० इंचांच्या वरच पाऊस पडतो आणि तो बाराही महिने वाटून पडतो, म्हणून लोकांना पटतच नाही की ही पाण्याची भानगड आहे. पण उन्हाळ्यातला पाऊस वादळी असतो, एका संध्याकाळी दोन इंच पडून जातो आणि उतारावरून अर्धा वाहून जातो, उरलेल्यातला जेवढा मावेल तेवढाच मातीत राहतो आणि बाकीचा खडकाच्या फटींतून खाली.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

१. नुसतं बघणं

झाड दुपारी चार वाजता बघून काही ठरवू नका. सकाळी सहाला बघा. दुपारी मान टाकलेलं झाड सकाळी ताठ उभं असेल तर मुळं जिवंत आहेत, पाणी कमी पडतंय एवढंच. सकाळीही मान खालीच असेल आणि बोटभर खोल माती ओली लागत असेल तर मुळं कुजली आहेत किंवा खोडात काहीतरी आहे, आणि अशा वेळी अजून पाणी घालणं म्हणजे त्याला मारणंच. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोन्हींची लक्षणं वरून सारखी दिसतात आणि उपाय बरोब्बर उलटे आहेत.

मग खोडाच्या बुडाशी बघा. साल चारी बाजूंनी कुरतडलेली असेल तर ते हिवाळ्यात बर्फाखाली शेतउंदरांचं काम, जमिनीचा दोष नाही. मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन, खोडाला चिकटून ढीग करून घातलंय का तेही बघा, इकडचे लँडस्केपवाले सर्रास तसं करतात, त्याने साल कुजते. मल्च खोडापासून चार बोटं लांब हवं.

आणि मान वर करून बघा, जवळपास काळ्या अक्रोडाचं झाड आहे का. त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत उतरतं आणि टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही मंडळी त्याला फार बळी पडतात. फक्त हीच झाडं मरतायत आणि शेजारची भेंडी, काकडी ठणठणीत आहे असं असेल तर पुढचं काही करायच्या आधी वाफा अक्रोडापासून लांब हलवा. शेजाऱ्याच्या अंगणातला अक्रोडही नडतो बरं का, मुळं कुंपण बघत नाहीत.

२. सळईची परीक्षा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, खर्च शून्य आणि निम्मा उलगडा इथेच होतो. अर्ध्या इंचाची, तीन-चार फुटांची लोखंडी सळई घ्या. पण जमिनीत काहीही खुपसायच्या आधी ८११ ला फोन करा. पेनसिल्व्हेनियात खोदायच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं, घरमालकाला फुकट असतं, ते येऊन गॅस, वीज, केबल कुठून गेलीय त्याच्या खुणा करून जातात. सळईला कशाला म्हणू नका, शेलवर माती उथळ असते म्हणून केबलही कधीकधी वितीवरच पुरलेली सापडते. आणि घराची स्वतःची सेप्टिक, विहिरीचा पाइप, तुम्ही टाकलेले स्प्रिंकलर याच्या खुणा ते करत नाहीत, ते तुम्हालाच माहीत पाहिजे.

पावसानंतर दोन दिवसांनी, जमिनीला वाफसा असताना, सळई हाताने दाबत खाली घाला. अंगणभर, दर सहा-सात फुटांवर, आणि प्रत्येक ठिकाणची खोली कागदावर लिहा. सळई दगडाच्या चिपेवर अडली की खडकावर, हे कसं ओळखायचं? दोन-तीन इंच बाजूला पुन्हा घाला. चिपा असतील तर एकदा चार इंचांवर, एकदा नऊवर, एकदा सहावर अशी कुठेही अडते. खडक असेल तर आजूबाजूला सगळीकडे जवळपास सारख्याच खोलीवर टक्क करून थांबते.

हा नकाशा झाला की तो लॉनच्या वाळलेल्या पट्ट्यांशी ताडून बघा. जिथे खडक सहा-आठ इंचांवर आहे तिथेच पट्टे निघतात, जवळजवळ दर वेळी. आणि दोन अंगणांत नाही, एकाच अंगणात एका टोकाला आठ इंच आणि दुसऱ्या टोकाला तीस इंच सापडतं, कारण शेलचे थर तिरके उभे आहेत आणि मऊ थर जास्त झिजतो, कडक थर वर राहतो. म्हणजे पुष्कळदा उपाय एवढाच असतो की आंब्याएवढं जपलेलं ते नाशपातीचं झाड पंधरा फूट पलीकडे लावायचं.

एक गोष्ट उलटी दिसेल: सगळं लॉन वाळलंय आणि मधूनच सरळ हिरव्यागार रेघा. त्या मैलापाणी जमिनीत सोडणाऱ्या सेप्टिकच्या नळ्या आहेत. त्या जागी खोदायचं नाही, झाड लावायचं नाही, वाफाही बांधायचा नाही.

सळई सगळीकडे चार-पाच इंचांवरच, पण दगडाचा आवाज न करता, जोर लावल्यावर हळूहळू आत जात अडते असं असेल तर ते बिल्डरचं दाबलेलं माती-भराव असू शकतं. नव्या वसाहतींत वरची चांगली माती खरवडून नेतात, बुलडोझर फिरवतात आणि शेवटी तीन इंच माती पसरून लॉन लावून देतात. तिथे खडक खोल असतो पण मुळांना तो काय उपयोगाचा, मधला थर फोडावा लागतो. तेवढ्यासाठी पहार किंवा लांब दात्यांचं ब्रॉडफोर्क भाड्याने मिळतं.

३. मातीचा नकाशा

अमेरिकन कृषी खात्याचा वेब सॉइल सर्व्हे फुकट आहे, पत्ता टाकला की तुमच्या प्लॉटवर मातीचं नाव येतं. नावाच्या खुणेत शेवटचं अक्षर उताराचं असतं, साधारण बी म्हणजे ३ ते ८ टक्के, सी म्हणजे ८ ते १५, डी म्हणजे १५ ते २५. वायकर्ट आणि वर डी असेल तर भाजीपाल्याचे मोठे बेत सपाट जमिनीवर न करता थेट गादीवाफ्यांवरच करा. पण हा नकाशा शेतांच्या आकाराला धरून केलेला आहे, पाव एकराच्या अंगणासाठी नाही, त्यामुळे सळई एक सांगत असेल आणि नकाशा दुसरं, तर सळईवर विश्वास ठेवा. नकाशावर ब्लेअर्टन असं नाव आलं तर जरा थांबा, ती पण शेलवरचीच माती पण तिच्यात पाणी साचतं, तिथे तक्रार वसंतातल्या ओलीची असते आणि उपाय वेगळे.

४. एक खड्डा

आता एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा, बागेच्या मधोमध. टिकाव किंवा पहार लागेल, फावड्याने होणार नाही. निघालेलं सगळं पाव इंच जाळीच्या चाळणीतून दोन बादल्यांत वेगळं करा. दगडाची बादली आणि मातीची बादली शेजारी ठेवली की मगाशी केलेला हिशेब डोळ्यांना दिसतो. मातीत करड्या आणि गंजासारख्या नारिंगी ठिपक्यांची नक्षी दिसली तर त्या खोलीपर्यंत वर्षातले काही महिने पाणी चढतं.

मग खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला किती इंच उतरतं ते मोजा. तासाला एक ते तीन इंच म्हणजे छान. अर्ध्या इंचाहून कमी म्हणजे निचरा नाही. आणि शेलवर बहुतेक वेळा दिसतं ते तिसरंच, पाणी बघता बघता गायब होतं, कारण ते फटींतून खाली गेलं. तसं असेल तर तुम्ही एकदम पंचवीस गॅलन ओतलंत तरी झाडाला त्यातलं थोडंच मिळतं, म्हणून थोडं थोडं आणि जास्त वेळा द्यायचं. हीच परीक्षा एप्रिलमध्ये पुन्हा करा, बर्फ वितळल्यावर जमीन भरलेली असते तेव्हा खरी अडचण कळते.

इथे गावाकडच्या अनुभवाबद्दल थोडं बोललं पाहिजे. आपल्याकडे पुरंदरच्या माळरानावर मुरमाड जमिनीत अंजीर, सीताफळ लावताना मोठा खड्डा घ्या, शेणखत आणि पोयटा भरा असं सांगतात आणि तिथे ते बरोबर आहे, कारण बसाल्टचा मुरूम मऊ असतो, पाणी आणि मुळं त्यात उतरतात, आणि तिथे कमी पावसाचा प्रदेश. इथे घट्ट, कमी फटींच्या शेलमध्ये पहारीने फोडून तीन फुटांचा खड्डा केला आणि त्यात विकतची मऊ माती भरली की त्याचा हौद होतो. नोव्हेंबर ते एप्रिल झाड झोपलेलं, पाणी ओढत नाही, बर्फाचं आणि पावसाचं पाणी वरच्या उतारावरून खडकावरून घसरत येऊन त्या हौदात बसतं, मुळं गुदमरून कुजतात, आणि मग जुलैत उरलेली मुळं पाणी पुरवू शकत नाहीत. लोकांना वाटतं झाड उन्हाने मेलं. ते मार्चमध्येच मेलेलं होतं, दिसलं जुलैत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाणाऱ्या मोठ्या झाडांपैकी बरीच अशीच जातात.

५. माती परीक्षण

इथपर्यंत खर्च नव्हता, आता थोडा. पेन स्टेट विद्यापीठाच्या लॅबचं माती परीक्षणाचं किट काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (विद्यापीठाचं शेती सल्ला केंद्र) मिळतं, एका खताच्या पिशवीपेक्षा महाग नाही. हे न करता चुना किंवा खत टाकायचं नाही, मी हे दरवेळी हात जोडून सांगतो.

कारण इथे आपली सवय उलटी पडते. महाराष्ट्रात काळी जमीन, मुरमाड जमीन, बहुतेक ठिकाणी पीएच सातच्या वर, चुनखडीचे खडे मातीत, त्यामुळे पानं पिवळी दिसली की आपण लोह कमी म्हणून फेरस सल्फेट किंवा गंधक टाकतो. इथला शेल आम्लधर्मी आहे, वर एवढा पाऊस, चुना धुऊन गेलेला, चुना न टाकलेल्या जमिनीत पीएच साडेचार ते साडेपाच सहज सापडतो. एवढ्या आंबट मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतं आणि स्फुरद अडकून बसतं. मेथीचं चार पानांवर थांबणं हे त्यामुळे. त्यात गंधक टाकलं तर अजून बिघडतं. इथे चुना टाकायचा, आणि तो कळीचा किंवा विरी गेलेला चुना नाही, तो हात आणि मुळं दोन्ही भाजतो, तर दळलेली चुनखडी, गोळ्यांच्या रूपात पिशवीत मिळते. जुनी खालची पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमही कमी असणार, मग डोलोमाइटची चुनखडी घ्या.

रिपोर्टमधला एक मुद्दा फार कमी लोक सांगतात. लॅबवाले नमुना चाळून दोन मिलिमीटरवरचे दगड फेकून देतात आणि सहा-सात इंच जाडीच्या पूर्ण मातीसाठी चुन्याचा आकडा देतात. तुमच्या जमिनीत निम्मे दगड आहेत, म्हणजे चुना ज्यावर काम करणार ती माती निम्मीच. तेव्हा आधी निम्मा टाका, पुढच्या वर्षी पुन्हा तपासा आणि मग उरलेला. लॉनवर एका वेळी १,००० चौरस फुटांना ५० पौंडांच्या वर नको. चुना शरद ऋतूत टाकलेला बरा, त्याला काम करायला महिने लागतात.

खताचंही तसंच. उथळ जमीन खत धरत नाही, एकदम टाकलं तर पहिल्या मोठ्या पावसात फटींतून खाली जातं, आणि ज्यांच्याकडे स्वतःची विहीर आहे त्यांनी लक्षात ठेवा की ते खाली म्हणजे तुमच्याच पिण्याच्या पाण्याकडे जातं. थोडं थोडं, तीन-चार हप्त्यांत.

६. आता दुरुस्ती, स्वस्तातून महागाकडे

आच्छादन. बाकी काही नाही केलंत तरी हे करा. दोन-तीन इंच लाकडाच्या चिप्स किंवा कुजलेली पानं. आपल्याकडे उसाचं पाचट शेतात ठेवतात त्याचा जो फायदा तोच इथे, पाणी वाफ होऊन जात नाही, वादळी पावसाचा मार मातीवर बसत नाही, आणि खालून हळूहळू माती वाढते. इकडे पुष्कळ टाउनशिप (आपल्या ग्रामपंचायतीसारख्या) पानांचं कंपोस्ट रहिवाशांना फुकट देतात, विचारून बघा. दर वर्षी एक इंच कंपोस्ट वरून पसरायचं, १०० चौरस फुटांना साधारण एक तृतीयांश घनयार्ड लागतं. आत मिसळायला रोटोटिलर, म्हणजे माती उलटणारं यंत्र, फिरवू नका, तो खालची आंबट चिपाळ माती वर आणतो आणि उतारावर मोकळी झालेली वरची माती पहिल्याच पावसात शेजाऱ्याकडे जाते. वीत-दोन वीत मातीतली बोटभर गेली तर किती मोठा भाग गेला बघा.

दगड वेचणं. मुठीपेक्षा मोठे काढा, बाकीचे राहू द्या. इथली माती बारीक गाळाची आहे, हिवाळ्यात तिच्यात बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि दगड वर ढकलले जातात, ते दर वर्षी होणारच. सगळे वेचलेत तर जमीन बसते आणि आहे ती खोलीही कमी होते. वरच्या चिपा पावसाचा मारही झेलतात. गाजर, मुळा हवा असेल तर तेवढ्यापुरता वेगळा वाफा करा.

पाणी. नव्या झाडाला खोडाच्या दर इंच जाडीला आठवड्याला १० गॅलन, पण दोन-तीनदा विभागून. पाच गॅलनच्या बादलीला बुडाशी बारीक भोक पाडून झाडाजवळ ठेवली की काम झालं. भाजीला आठवड्याला एक इंच, म्हणजे १०० चौरस फुटांना ६२ गॅलन, तेही विभागून. उतारावर झाडाच्या खालच्या बाजूला अर्धगोल आळं करा, पूर्ण गोल नको, नाहीतर वसंतात पाणी साचेल.

गादीवाफे. भाजीपाल्याला हाच खरा उपाय. चार बाय आठ फूट आणि एक फूट उंच वाफ्याला सव्वा घनयार्डाच्या आसपास माती लागते, निम्म्याहून जास्त चांगली वरची माती आणि बाकी कंपोस्ट. तळाला खडी किंवा प्लास्टिक अजिबात घालू नका, मुळांना खालच्या मातीत जाऊ द्यायचंय. उताराला आडवे बांधा. वरच्या कडेला पाणी अडतं आणि तेवढ्यानेच फरक दिसतो. लोक उंची सहा इंच ठेवून पैसे वाचवतात, शेलवर तसं करू नका, सहा इंचांचा वाफा खालच्या आठ इंचांत फार भर घालत नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी, गवार, मेथी सगळं येतं यात. कढीपत्ता मात्र कुंडीतच, तो थंडीचा प्रश्न आहे, जमिनीचा नाही.

झाडं लावताना मोठं, गोणपाटात बांधलेलं झाड घेऊ नका. अंगठ्याएवढ्या खोडाचं, उघड्या मुळांचं रोप मार्च-एप्रिलमध्ये लावा. लहान रोपाची मुळं शेलच्या फटी शोधत त्यात शिरतात, मोठ्या झाडाचा मुळांचा गड्डा तसाच गोळा होऊन बसतो. खड्डा गड्ड्याच्या तिप्पट रुंद, पण खोल अजिबात नाही, उलट दोन-तीन इंच उंचावर लावून बाजूने माती उतरती करा. भरायला तीच निघालेली माती, दगडांसकट.

आणि कृपा करून या जमिनीला जे आवडतं ते पण लावा. ब्ल्यूबेरीला साडेचार ते पाच पीएच हवाच असतो, तिच्यासाठी तुमची जमीन तयार आहे, फक्त आच्छादन आणि पाणी द्या. चेस्टनट ओक, व्हर्जिनिया पाइन, लाल सिडार, सर्व्हिसबेरी ही इथलीच झाडं अशा खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढतायत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या शेलच्या उतारांवर तर, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या बाजूला जास्त, अशी रोपं वाढतात जी जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत, शेल बॅरन म्हणतात त्या जागांना. तुमचा उतार तसा उघडाबोडका दिसत असेल तर तिथे गवत लावायचा हट्ट सोडा, आधी एक्स्टेन्शनवाल्यांना फोटो दाखवा.

७. इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढचं स्वतः करायचं नाही, कितीही हौस असली तरी.

लॉनमध्ये हिरव्या रेघांवर जमीन ओली, दलदलीची, वास येणारी असेल तर ते सेप्टिक आहे. पेनसिल्व्हेनियात १९६६ च्या सांडपाणी कायद्याखाली टाउनशिपचा सांडपाणी अधिकारी असतो, त्यालाच बोलवायचं. उथळ शेलवर मैलापाणी गाळायला माती अपुरी असते आणि फटींतून ते विहिरीत जाऊ शकतं. विहिरीचं पाणी लगेच तपासून घ्या आणि रिपोर्ट येईपर्यंत पिऊ नका.

उतारावर जमिनीला लांब भेग पडलीय, कुंपणाचे खांब खाली झुकलेत, जुनी भिंत पोट काढून पुढे आलीय, तर भू-तांत्रिक इंजिनिअर. शेलचे थर घराच्या दिशेने उतरते असतील तर पायथा कापल्यावर पत्र्यासारखे थर घसरतात. चार फुटांवरच्या भिंतीला बहुतेक ठिकाणी परमिट लागतं, ती स्वतः दगड रचून करू नका. खोल खणलेल्या चरात उतरू तर नकाच.

काळ्या शेलच्या भागात (मार्सेलस नावाच्या काळ्या शेलचा पट्टा पेरी काउंटीतही आहे) घर बांधताना डोंगर कापलेला असेल, तिथे काहीच उगवत नसेल, गंजाच्या रंगाचं पाणी झिरपत असेल आणि पीएच चारच्या खाली आला असेल, तर त्या दगडातलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवेशी येऊन आम्ल तयार करतंय. त्याला पिशवीतला चुना पुरत नाही. ते पाणी कुठे जातं आणि किती चुना लागेल हे भूगर्भतज्ज्ञाने मोजून सांगायचं काम आहे.

तळघरात वसंतात पाणी येत असेल आणि वरच्या बाजूला खडक उथळ असेल तर बागेतलं आळं किंवा वाफा त्याला कारण असू शकतो, पण चर काढून निचरा करणं हे ड्रेनेजवाल्याचं काम, पायाजवळ स्वतः खोदू नका.

आणि मोठं, जुनं, घरावर झुकलेलं झाड वरून वाळत आलं असेल तर सर्टिफाइड आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ. उथळ खडकावरच्या झाडाची मुळं चटईसारखी वरच पसरलेली असतात, वादळात ते मुळांसकट आडवं होतं.

यातल्या कोणालाही फोन करताना सळईच्या मोजणीचा कागद, मातीचा रिपोर्ट आणि खड्ड्याचा एक फोटो हाताशी ठेवा. त्यांना खडक किती इंचांवर आहे हे पहिल्याच मिनिटाला सांगितलंत तर ते कुठलं मशीन आणायचं ते ठरवून येतात, नाहीतर पहिली फेरी नुसती बघण्याची होते आणि तिचेही पैसे लागतात.